अर्धी अक्षरं ही टांकसाळीची चूक नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात कुणाच्या घरी आजीचा पितळी डबा उघडला आणि त्यातून शिवराई निघाली, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अक्षरं अर्धीच उमटलीत. टांकसाळीत चुकलेलं नाणं आहे, लाखाला जाईल!"

नाही जाणार. शिवराई यंत्रावर पाडलेली नव्हती. खाली एक ठसा, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. मग एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' तिच्यावर पूर्ण मावणार कसं? कुठे 'शिव' सुटतो, कुठे 'पति'. उलट सगळी अक्षरं असलेली शिवराईच विरळा. याच शहरात पडलेल्या मुघल रुपयांवरही 'खुजिस्ता बुनियाद' हे शहराचं तेव्हाचं नाव बऱ्याचदा काठाबाहेर गेलेलं असतं. अशा रुपयांवर दिसणाऱ्या बारीक खुणा चांदी पारखणाऱ्या सराफांच्या. टांकसाळीचा त्यांच्याशी संबंध नाही.

खरी चूक धातू सांगतो. ठशाला तडा गेला, की घावासरशी धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नंतरचा ओरखडा खोल जातो. भिंगातून पाहिलं तर त्याच्या कडेला सरकलेला धातू दिसतो.

संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात, ती मात्र अस्सल चूक. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप बसतो. त्या बाजूचं चित्र खोलगट, आरशातल्यासारखं उलटं; दुसरी बाजू ठसठशीत. वर्कशॉपातल्या व्हाइसमध्ये दोन नाणी दाबूनही उलटा छाप उमटतो, पण तिथे मूळची अक्षरं चिरडलेली सापडतात.

१९४३ ते १९४७ मधल्या पैशाचं भोक मुद्दाम ठेवलेलं. चांदीच्या रुपयाला भोक किंवा सोनाराचा डाग असेल, तर तो दागिन्यात गेलेला. रुळावर चपटं झालेलं नाणं निव्वळ खराब झालेलं. आणि चिंचेने घासून चकाकवलं, की किंमत वाढत नाही, उतरते!

आपल्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच दिला आहे. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि तिने त्यासाठी कुणाला नेमलेलंही नाही. शिवराई दाखवायचीच असेल, तर न घासता, आहे तशी, जाणकाराच्या भिंगाखाली ठेवावी.