विश्लेषण : सिद्धगडचा लढा पटावर मांडायचा तर?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. बंडखोरी आणि तिचा बंदोबस्त या विषयावर जगभर पटावरचे युद्धखेळ तयार होतात. या लढ्यावर तसा खेळ रचायचा तर काय करावे लागेल?

बुद्धिबळापेक्षा वेगळे काय?

बुद्धिबळात दोन्ही बाजूंची मोहरी आणि उद्दिष्ट सारखेच. बंडखोरीत तसे नसते. अमेरिकेच्या ‘सीआयए’त विश्लेषक राहिलेल्या व्होल्को रुन्के यांचा कोलंबियातील संघर्षावरचा ‘अँडियन अबिस’ हा खेळ २०१२ मध्ये आला आणि त्यातून एक मालिकाच सुरू झाली. त्यात प्रत्येक पक्षाची साधने आणि जिंकण्याची अट निराळी. सरकारी फौजेच्या सोंगट्या उघड दिसतात. बंडखोरांच्या ‘भूमिगत’ असतात. सरकारला त्या आधी शोधाव्या लागतात, मगच हल्ला करता येतो.

भारतावर असा खेळ आहे?

याच मालिकेत ब्रूस मॅन्सफिल्ड यांचा ‘गांधी’ २०१९ मध्ये आला. ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लीम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष त्यात आहेत. अहिंसक आंदोलनाला त्यात स्वतंत्र डावपेच मिळाले.

आझाद दस्त्याच्या खेळात काय असेल?

माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांनी भूमिगत होण्यापूर्वी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि गावोगावी शाळा सुरू केल्या होत्या. हा लोकाधार खेळात पहिल्या चालीआधीच पटावर हवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ दरम्यान दस्त्याने मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले. त्यामुळे नकाशावर माथेरान, कर्जत, मुरबाड, कल्याण ही ठिकाणे जितकी महत्त्वाची, तितक्याच त्यांच्यामधून जाणाऱ्या विजेच्या तारा. मनोरा पडला, की सरकारची साधने घटतील. मूठभर माणसांनी ठाणे जिंकावे, अशी अट ठेवली तर खेळ खोटा ठरेल. वीज किती काळ बंद राहिली आणि दस्ता किती काळ तगला, यावर गुण द्यावे लागतील.

सर्वात कठीण भाग कोणता?

माहिती. जंगलात दस्त्याला भाकरी देणाऱ्या गावाला त्याचा ठावठिकाणाही ठाऊक असतो. सरकारने बक्षिसाचे आमिष दाखवले तर बातमी फुटू शकते. गावावर जाच केला तर तेच गाव आणखी घट्ट मिटते. दोन्हींची किंमत नियमांत बसवणे, हे रचनाकाराचे खरे काम. गावकरी नुसते ‘पाठिंबा’ दाखवणारे ठोकळे राहिले, तर सर्वाधिक धोका पत्करणारी माणसेच खेळातून गायब होतील.

मग उपयोग काय?

खेळाने इतिहास सिद्ध होत नाही. पण पोलिसांच्या बाजूने बसलेल्या खेळाडूला बंदुका हाताशी असूनही शत्रू दिसत नाही, आणि दस्त्याच्या बाजूच्या खेळाडूला कोणत्या दारावर थाप मारावी हे ठरवावे लागते. पुस्तकात एका ओळीत संपणारा हा पेच पटावर प्रत्येक चालीला समोर येतो.