परवाना कोणाचा, हात कोणाचे?

पावसाळ्यात विजेचा लपंडाव सुरू झाला की गोव्यातील घराघरांतून वीज खात्याच्या नावाने बोटे मोडली जातात. त्यात वावगे काही नाही. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला रागावण्याचा अधिकार आहेच. परंतु वीज जेव्हा असते तेव्हा ती कोणाच्या जोरावर असते, हा विचार आपल्या मनाला क्वचितच शिवतो. खांबावर चढलेला लाइनमन निदान येता-जाता दृष्टीस तरी पडतो. कारखान्याच्या कुंपणाआड पॅनेलसमोर उभा असलेला इलेक्ट्रिशियन आणि त्याच भिंतीवरून संगणकाच्या केबल ओढणारा तंत्रज्ञ हे दोघे मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसतात. ज्यांच्या कामावर आजचा उद्योग उभा आहे, त्यांच्याविषयी समाजाने आणि शासनाने दाखविलेली ही उदासीनता चिंताजनक आहे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा खनिज व्यवसाय सोडला तर आधुनिक उद्योग म्हणावा असे येथे फारसे काही नव्हते. १९६६ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काळात वेर्णे, कुंडई, बेतोडा, पिसुर्ले, कुंकळ्ळी, तुये अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहती चालविण्याजोगे मोठे वीजनिर्मिती केंद्र गोव्यापाशी नाही. छत्तीसगडातील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा दूरदूरच्या केंद्रांतील वीज शेकडो मैलांचा प्रवास करून आपल्या दारी येते. एवढे अंतर कापून आलेली वीज कारखान्यात शिरली की पुढे तिचे काय करायचे, हे तेथील इलेक्ट्रिशियनच्या हाती असते. त्याने कसलेला एक लग सैल राहिला, तर तेवढ्याच जागी तार तापते, आवरण वितळते आणि रात्रीच्या पाळीत पॅनेल पेट घेते.

या कामाला दिवा लावणे आणि पंखा टांगणे समजणाऱ्यांनी एकदा एखाद्या कारखान्यातील मोटरींची रांग पाहावी. तीन फेजांपैकी दोहोंची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरू लागते. एक फेज गळाली तर ती गुरगुरत राहते आणि वेळीच न थांबविल्यास जळून जाते. मेगरने तारेच्या आवरणाचा रोध मोजणे, अर्थिंगची परीक्षा घेणे, बंद पडलेल्या स्टार्टरमधील दोष नकाशावरून शोधून काढणे, हे सारे बुद्धीचे काम आहे. ४१५ व्होल्टचा दाब समोर असताना ते करण्यासाठी बुद्धीबरोबर संयमही लागतो. मुरलेला इलेक्ट्रिशियन मोटरीच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखतो. वैद्याच्या नाडीपरीक्षेला आपण मान देतो; या नाडीपरीक्षेला मात्र मजुरी म्हणून मोकळे होतो.

अलीकडच्या काळात या जुन्या कारागिराला एक नवा जोडीदार मिळाला आहे. आजची यंत्रे एकमेकांशी बोलतात. पट्ट्यावरून सरकणारी बाटली मोजणारा संवेदक, तिचा हिशेब ठेवणारा संगणक आणि झडप उघडणारा नियंत्रक हे नेटवर्कच्या तारांनी जोडलेले असतात. ती तार दिसायला क्षुल्लक, पण तिच्या पोटात आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि त्या पिळातच सारे शास्त्र आहे. बाहेरचा विद्युत गोंगाट त्या पिळामुळेच निष्प्रभ होतो. टोकाशी हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उकलू नये, यंत्रापासून यंत्रापर्यंतची लांबी १०० मीटरच्या पुढे जाऊ नये, हे नियम ज्याने पाळले नाहीत त्याची जोडणी उद्घाटनाच्या दिवशी चालते आणि पुढे कधीतरी, कारण न सांगता, अडखळू लागते. प्रकाशतंतूचे काम तर त्याहून नाजूक. ज्या काचेतून प्रकाश धावतो तिचा गाभा अवघा ९ मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी पट बारीक असतो. अशी दोन टोके वितळवून एकजीव करणाऱ्या तरुणाला आपण ‘केबलवाला’ या एका शब्दात निकालात काढतो!

हे दोन व्यवसाय आता एका भिंतीवर, एका ट्रेमध्ये येऊन ठेपले आहेत. खरा धोका येथूनच सुरू होतो. वीज वाहणाऱ्या जाड केबलला खेटून नेटवर्कची केबल टाकली की संदेश बिघडतात, आणि दोहोंचे आवरण घासले गेले तर जीवही जाऊ शकतो. नेटवर्कची तार कमी दाबाची, सबब निरुपद्रवी, हा समजही पूर्णपणे खरा उरलेला नाही. छतावरचे कॅमेरे आजकाल याच तारेतून वीज घेतात. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल अशा ठिकाणी वापरली तर ती अधिक तापते. त्यात आमचा प्रदेश समुद्रकाठचा. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस जोडावरच्या तांब्याला हिरवी पुटे चढवितो, खिळे-पट्ट्या गंजवितो. कोरड्या पठारावर दीर्घकाळ टिकणारी जोडणी येथे लवकर जीर्ण होते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या कारागिराला अधिक शिक्षण हवे, आणि नेमके त्यालाच ते कमी मिळते.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने परवानाधारक कंत्राटदार आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक यांच्यावाचून जोडणीचे काम करण्यास मनाई केली होती. तेच तत्त्व २००३ च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केलेल्या विनियमांत कायम राहिले. परंतु कागदावरचा हा परवाना अनेकदा कार्यालयातील काचेच्या चौकटीत विराजमान असतो, आणि शिडीवर चढतो तो कालपरवा गावाहून आलेला, नावही नोंदविलेले नसलेला हेल्पर. चाचणी अहवालावर सही एकाची, जोखीम दुसऱ्याची! नेटवर्कच्या केबल टाकणाऱ्याच्या बाबतीत तर एवढीही औपचारिकता नाही. त्याच्यासाठी कायद्याने परवाना ठेवलेला नाही. मात्र जिवंत बसबारच्या शेजारचे छत उघडण्याची मोकळीक त्याला आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. हे दैवाचे तडाखे नव्हेत. एकाने स्विच बंद करून काम सुरू करावे आणि दुसऱ्याने, आत कोणी आहे हे न जाणता, तो चालू करावा. वाहिनी बंद म्हणून निर्धास्त राहावे आणि कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटी वीज यावी. अशा साध्या कारणांनी माणसे मरतात. यावरचा उपायही साधाच आहे. काम करणाऱ्याने स्विचला स्वतःचे कुलूप घालावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, नावाचा फलक टांगावा आणि लेखी परवानगीवाचून हात लावू नये. ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवावे. एका कुलुपाची किंमत ती काय? जीव वाचविण्यासाठी तेवढाही खर्च जड वाटत असेल तर आपल्या औद्योगिक प्रगतीच्या गप्पा पोकळ आहेत, असेच म्हणावे लागेल.

या दुर्लक्षाचे मूळ आपल्या मनातही आहे. दसऱ्याला आपण पक्कड आणि टेस्टर पाटावर मांडतो, पॅनेलला झेंडूची माळ घालतो. पण ती पक्कड धरणारा हात आपल्या मुलाचा असावा असे फार थोड्या पालकांना वाटते. सरकारी कचेरीतील कारकुनीसाठी अर्जांचा ढीग पडतो आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलाला घालणे म्हणजे त्याच्या अपयशाची कबुली समजली जाते. तोच मुलगा आखातात किंवा जहाजावर इलेक्ट्रिशियन झाला की गावात त्याची प्रतिष्ठा वाढते. विद्या तीच, हातही तेच. मग सन्मान परदेशातच का मिळावा?

यासाठी काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रिशियन आणि नेटवर्क देखभाल हे ट्रेड निरनिराळे शिकविले जातात. दोघांनाही एकमेकांच्या कामाची तोंडओळख आणि विजेच्या सुरक्षिततेचा समान पाठ सक्तीचा करावा. तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. ते खरोखर पाळले जाते की नाही, हे तपासावे. चाचणी अहवालावर कंत्राटदाराबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचेही नाव यावे. आणि सुरक्षिततेच्या सूचना कामगाराला समजतील अशा भाषेत, कोकणी-मराठीत तसेच परप्रांतांतून आलेल्यांसाठी हिंदी-कन्नडमध्ये, भिंतीवर लागाव्यात. इंग्रजीत लिहिलेला धोक्याचा इशारा इंग्रजी न जाणणाऱ्याच्या प्राणांचे रक्षण कसे करणार?

मुक्तिलढ्यात उतरलेल्या पिढीने स्वातंत्र्याचा अर्थ केवळ ध्वज बदलणे असा कधीच केला नव्हता. श्रम करणाऱ्याला भयमुक्त आणि मानाचे जीवन मिळावे, ही त्यामागची प्रेरणा होती. शिडीवर चढलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतेल, एवढी हमी जरी आपण देऊ शकलो नाही, तर त्या स्वातंत्र्याशी आपले नाते केवळ समारंभापुरते उरेल. उद्योजकांनी, कामगार संघटनांनी आणि शासनाने पुढच्या दुर्घटनेची वाट न पाहता आताच याचा विचार करावा.