दुकानाच्या कॉम्प्युटरसाठी तीन शॉर्टकट आणि एक सवय



शनिवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी. लाइट गेली, पाच मिनिटांत आली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण बिलिंग काही उघडेना! हे माझ्याच दुकानात घडलंय. सेटअप करून देणारा फोन उचलेना. त्या दिवशी बिलं हाताने लिहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिकायला बसलो.

उबंटू लिनक्सवर बिलिंग, डेटाबेस असे प्रोग्रॅम पडद्यामागे चालतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. २०१५ पासून उबंटूत त्यांचा मुकादम आहे सिस्टमडी, आणि त्याला हुकूम द्यायची कमांड आहे 'सिस्टमसीटीएल'. गडबडीत एवढं लांबलचक टाइप करताना चूक होतेच. म्हणून 'एलियास', म्हणजे कमांडचं टोपणनाव ठेवा. होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये एकदाच तीन ओळी लिहायच्या (टाइप करायचं इंग्रजीतच, स्पेलिंग व्हिडिओत पाहा):

१. एलियास एसटी='सिस्टमसीटीएल स्टेटस'
२. एलियास एलजी='जर्नलसीटीएल -ई -यू'
३. एलियास आरएस='सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट'

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. फाइल सेव्ह करून टर्मिनल बंद करा, पुन्हा उघडा. आता 'एसटी बिलिंग' एवढंच टाइप केलं की सर्व्हिस चालू आहे की बंद, ते कळतं. (बिलिंगच्या जागी तुमच्या सर्व्हिसचं नाव घाला.) 'एलजी' तिची नोंदवही शेवटच्या पानावर उघडतो. 'आरएस' तिला बंद करून पुन्हा चालू करतो.

क्रम हाच ठेवा: आधी पाहा, मग वाचा, मगच रीस्टार्ट. डॉक्टरही आधी नाडी बघतात, मग औषध देतात ना?

आता माझी खरी चूक सांगतो. सर्व्हिस नुसती 'स्टार्ट' केलेली होती, 'एनेबल' नव्हती. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं चालू. एनेबल म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना दर वेळी आपोआप चालू. लाइट गेली आणि फरक कळला! 'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड बिलिंग' ही कमांड आजच चालवा. उत्तर 'डिसेबल्ड' आलं, तर 'सुडो सिस्टमसीटीएल एनेबल बिलिंग' द्या.

आणि 'स्टॉप'ला शॉर्टकट मुळीच ठेवू नका. धंदा थांबवणारी गोष्ट टाइप करायला जरा वेळ लागलेलाच बरा.

सेटअप कुणाकडूनही करून घ्या, पण गल्ल्याची चावी आपल्याच खिशात हवी!