डिकी रुसली? आधी बॅटरीला विचारा

गणपतीसाठी कोकणात निघायचं होतं. पहाटेचे साडेपाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मखराचे पुठ्ठे, पिठाचे डबे, आईची औषधांची पिशवी असं सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं. किल्लीवरचं बटण दाबलं. डिकी वीतभर उचलली, तीनदा टुंग-टुंग-टुंग केलं आणि तिथंच थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. महिनाभरापूर्वी एका वर्कशॉपनं याच तक्रारीवर सांगितलं होतं की डिकीची मोटर गेली, अख्खा सेट बदलावा लागेल.

शेजारचे काका आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग करत आलेले. त्यांनी घरून मल्टिमीटर आणला, बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलना दोन टोकं लावली. आकडा आला १२.१. "गाडी चालू कर बघू," म्हणाले. सेल्फ मारला, इंजिन लागलं, आकडा १४.२ वर गेला. "आता दाब." डिकी एका दमात वर गेली. मोटर ठणठणीत होती, दमली होती ती बॅटरी.

तेव्हापासून बटणावर उघडणाऱ्या डिकीबद्दल आणि बॉनेटखालच्या त्या जड डब्याबद्दल जे जे कळत गेलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. आपल्याकडे अशा डिक्या आता बऱ्याच झाल्यात. रांजणगावात तयार होणारी जीप कंपास, संभाजीनगरात जोडली जाणारी स्कोडा कोडिअ‍ॅक, टाटांची सफारी, हॅरिअर आणि कर्व्ह, एमजी हेक्टर. या सगळ्यांच्या वरच्या मॉडेलांत ती मिळते.

इंजिन लागतं, मग डिकी का अडते?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. सेल्फला शे-दोनशे अँपिअर लागतात, डिकीच्या मोटरला त्याच्या काही अंशानंच. मग अवघड काम जमतं आणि सोपं अडतं, असं कसं?

त्याचं कारण असं की सेल्फ मुळातच रांगडा. बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली आली तरी तो घरघरत का होईना, इंजिन फिरवतो. डिकीचं तसं नाही. तिच्यामागे एक छोटा कंट्रोलर बसलेला असतो आणि दरवाजा हलवण्याआधी तो व्होल्टेज बघतो. वीस-तीस किलोंचा दरवाजा खाली येताना मध्ये लेकराचा हात आला, तर त्याच क्षणी थांबून उलट वर जायला पुरेशी ताकद हवी. तेवढी ताकद उरलेली नाही असं दिसलं की तो काम सुरूच करत नाही, किंवा अर्ध्यावर व्होल्टेज कोसळलं की जागीच थांबतो. म्हणजे तो टुंग-टुंग आवाज पुष्कळदा बिघाडाचा नसतोच. बॅटरी थकत चालल्याची खबर गाडीत पुष्कळदा सगळ्यात आधी डिकी देते, त्यानंतर एखाद्या सकाळी सेल्फ 'कट-कट' करतो.

काकांची युक्ती म्हणूनच सोन्यासारखी आहे. इंजिन बंद असताना डिकी अडते आणि चालू असताना सुरळीत उघडते, तर मोटरकडे बोट दाखवायच्या आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची वायर तपासा. मात्र इंजिन चालू ठेवून प्रयोग करताना गिअर पार्किंगला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. गाडी पार्किंगला नसेल तर बहुतेक डिक्या हलतच नाहीत.

'डिकी' आली कुठून?

जुन्या इंग्रजी मोटारींच्या मागच्या बाजूला एक झाकण असायचं. ते उघडलं की आतून जादाचं, उघड्यावरचं आसन निघायचं. त्याला 'डिकी सीट' म्हणत. पुढे आसन गेलं, तिथं सामान आलं, पण नाव आपल्याकडे चिकटून राहिलं. इंग्लंडमध्ये आज तिला 'बूट' म्हणतात, अमेरिकेत 'ट्रंक' किंवा 'लिफ्टगेट'. आपण मात्र डिकीच म्हणतो.

गल्ल्याची मोटर, कॅडिलॅकची मोटर

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला, तोवर गाडी पुढून हँडल मारून सुरू करायची. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. सेल्फ बनवला चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरनं. इंजिन फिरवायचं तर मोटर प्रचंड मोठी लागेल, असं त्या काळी जाणकार म्हणत. केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यानं छोटी मोटर बसवली होती. तिथं त्याच्या लक्षात आलेलं की मोटरला दिवसभर राबायचं नसेल, काही सेकंदच काम असेल, तर छोट्या मोटरवर तिच्या कुवतीबाहेरचं ओझं टाकता येतं. मग तिला थंड होऊ द्यायचं.

डिकीची मोटर याच तत्त्वावर चालते. मनगटाएवढ्या जाड नळीत मोटर, गिअर, लांब स्क्रू आणि स्प्रिंग, सगळं एकात एक बसवलेलं असतं. म्हणूनच नवी गाडी आली की चाळीतली, सोसायटीतली पोरं 'परत एकदा, परत एकदा' म्हणत आठ-दहा वेळा डिकी उघड-मीट करायला लावतात आणि मग ती एकाएकी ऐकेनाशी होते. घाबरू नका. मोटर तापली की कंट्रोलर तिला सक्तीची विश्रांती देतो. पाच-दहा मिनिटं थांबलं की डिकी पूर्ववत.

बोटावर मोजणारी डिकी

आपण किती उघडलोय हे डिकीला कळतं ते मोजणीनं. मोटरच्या दांड्यावर बारीक चुंबक असतो, शेजारी हॉल सेन्सर. चुंबक फिरला की सेन्सर एक-एक ठोका मोजतो. हा सेन्सर ज्या गुणधर्मावर चालतो तो एडविन हॉल या विद्यार्थ्यानं १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधला, सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून आणि त्याला चुंबकाच्या पुढ्यात धरून.

मोजणी आहे म्हणूनच उंची ठरवता येते. पार्किंगचं छत खाली असेल तर डिकी हव्या त्या उंचीवर हातानं थांबवायची आणि तिच्यावरचं बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. 'बीप' ऐकू आला की उंची लक्षात राहिली. 'डिकी अर्धीच उघडते' अशी तक्रार कित्येकदा याच कारणानं असते. आधीच्या कुणीतरी उंची कमी करून ठेवलेली असते.

आणि बॅटरी काढली, बदलली किंवा पार उतरली की पुष्कळ गाड्यांत ही मोजणी पुसली जाते. आपण कुठं आहोत हे डिकीला ठाऊकच नसतं. नवी बॅटरी टाकल्यावर डिकी बंद पडली असं म्हणत जे लोक धावतात, त्यांच्यासाठी उपाय साधा आहे. डिकी हातानं पूर्ण बंद करायची, खट्‌कन लॉक लागू द्यायचं, मग बटणानं पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची. बहुतेक डिक्या एवढ्यानं शहाण्या होतात. काहींची रीत वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

सहा खोल्यांचं घर

१२ व्होल्टची बॅटरी खरं तर १२ ची नसते. आत सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा: १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळाला आलेली. १२.६ ते १२.२, नुसता ०.४ व्होल्टचा फरक, पण त्यात निम्मी बॅटरी रिकामी होते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नाहीत तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर बघा.

शिशाच्या पत्र्यांची ही बॅटरी गॅस्टन प्लँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली. मोटारगाडी जन्माला यायच्या आधी! मूळ रसायन आजही तेच: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि गंधकाचं आम्ल. बॅटरी रिकामी ठेवली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट धरतात, मग कितीही चार्जिंगला लावा, ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी 'बघू रविवारी' म्हणून सोडू नये.

झोप न येणारी गाडी

लॉक केल्यावर गाडी लगेच झोपत नाही. आतले कंट्रोलर एकेक करून निजतात, काही गाड्यांत अर्ध्या तासानं. निजलेली गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म आणि किल्लीच्या प्रतीक्षेपायी २० ते ५० मिलिअँपिअर घेतच असते. ४० धरले तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. मे महिन्यात तीन आठवडे गावाला गेलात तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ निम्मी अशीच गेली.

आणि गाडी झोपलीच नाही तर? त्यात डिकीचा मोठा वाटा असतो. डिकीचं लॉक पूर्ण बसलं नाही की गाडीला वाटतं दरवाजा उघडा आहे. आतला दिवा, कंट्रोलर सगळे जागे, आणि रातोरात बॅटरी साफ. दसऱ्याला आपण सगळे दरवाजे आणि डिकी उघडून गाडी धुतो, झेंडूचं तोरण बांधतो, गाणी लावतो, फोटो काढतो. दोन-तीन तास गाडी जागी असते. पूजा झाल्यावर सेल्फ मारला तर तो दमलेला निघाला, यात नवल ते काय!

सामान भरायला वेळ लागणार असेल तर काकांची आणखी एक युक्ती. डिकी उघडी असताना लॉकमधला आकडा स्क्रूड्रायव्हरनं हळूच दाबून मिटवायचा. खट् आवाज येतो, दिवा विझतो, गाडीला वाटतं डिकी लागली, ती निजते. काम झालं की डिकी मिटायच्या आधी बटणानं तो आकडा आठवणीनं उघडायचा. न उघडता डिकी आपटली तर लॉक मोडेल.

उन्हाळा मारतो, थंडी उघडी पाडते

बॅटरी थंडीत मरते अशी समजूत आहे. खरं उलटं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत बॉनेटखाली ती आतून झिजत असते. थंडीत फक्त ती झीज कळते. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना याचा अनुभव पक्का. तिकडे बॅटरीवर थंडीतली ताकद छापलेली असते, ती मोजतात उणे १८ अंशांवर. तिथं डिकीचा छळ दुहेरी. एकीकडे बॅटरी मंदावते, दुसरीकडे ज्या डिक्यांना गॅसचे शॉकर असतात त्यांच्यातल्या नायट्रोजनचा दाब गारठ्यानं घटतो. उतरलेली बॅटरी तर चक्क गोठते, कारण तिच्यातलं आम्ल बरंचसं पाण्यासारखं झालेलं असतं. गोठलेल्या बॅटरीला जंप स्टार्ट कधीही देऊ नये, फुटण्याचा धोका असतो.

रबरी नळीतलं गुपित

बॅटरी ठणठणीत, तरी डिकी लहरी? मग डिकी आणि छताच्या सांध्यातली ती नालीदार रबरी नळी बघा. डिकीच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि प्रत्येक उघड-मिटीला वाकतात. काकांनी एकदा दुसऱ्या एका जुन्या गाडीची नळी सरकवून दाखवली होती. वायरचं निळं आवरण वरून शाबूत होतं. चिमटीत धरून हलकेच ताणलं तर ते रबरासारखं लांबलं. आत तांबं तुटून हिरवं पडलेलं. डिकीबरोबर मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा किंवा काचेचा डीफॉगर यांपैकी काही बंद पडलं असेल तर संशय आधी इथंच घ्यायचा. मोटरपुढे ही दुरुस्ती किरकोळच.

टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी दिसली तर आधी काळी केबल, मग लाल केबल काढायची, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासायचं, कोरडं करून वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा. लावताना आधी लाल, मग काळी.

बॅटरी डिकीत, आणि डिकी बंद

काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत, बॅटरी चक्क डिकीत असते. ती उतरली की विजेची डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही! म्हणून अशा गाड्यांच्या बॉनेटखाली जंप देण्यासाठी वेगळे टर्मिनल दिलेले असतात. विजेवरच्या गाड्यांचंही तसंच. शेकडो किलोमीटर जाईल एवढी मोठी बॅटरी भरलेली असली तरी दरवाजे, डिकी आणि मुख्य स्विच चालतात ते १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती मेली की भरलेली गाडीही जागची हलत नाही.

अशा वेळी आत शिरून मागची सीट पाडा आणि डिकीच्या आतल्या बाजूला, लॉकजवळ, एक छोटं प्लॅस्टिकचं झाकण शोधा. बऱ्याच गाड्यांत त्यामागे हातानं उघडायचा खटका असतो. आमच्या गाडीत तो मी त्या सकाळीच शोधून ठेवला, पिठाचे डबे आत ठेवण्याआधी. बॅटरी चार वर्षांची झाली होती. ती चिपळूणला बदलली, जुनी दुकानदारानं परत घेऊन तिचे पैसे वजा केले, आणि डिकी एकदा पूर्ण उघडून-मिटून घेतल्यावर टुंग-टुंग थांबलं.