जुना संगणक काढताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एका दुपारी घरपट्टी विभागातून फोन आला. "साहेब, जरा खाली या. एक आजोबा फार चिडलेत." ही २०१२ सालची गोष्ट. मी तेव्हा एका महानगरपालिकेच्या संगणक विभागात होतो. खाली गेलो तर आजोबांच्या एका हातात पावती, दुसऱ्या हातात थकबाकीची नोटीस. पैसे त्यांनी महिन्यापूर्वीच भरलेले. पण पावतीवर तारीख छापलेली १ जानेवारी २००२! संगणकाने रक्कम दहा वर्षं मागे नेऊन जमा केली आणि चालू वर्षाची बाकी शास्तीसह तशीच ठेवली. "आत्ताचा कर मी दहा वर्षांपूर्वी भरला का हो?" आजोबांचा प्रश्न बिनतोड होता.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज बंद असताना आतलं घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली, की पुन्हा वीज आल्यावर घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाच्या तारखेवर जाऊन बसतं. त्या दिवशी सकाळी वीज गेली होती. बॅटरी काही रुपयांची. ती बदलली, आजोबांची नोंद दुरुस्त केली आणि मी नवे संगणक घेण्याची टिपणी पुन्हा एकदा वर पाठवली. उत्तर नेहमीचंच आलं. चालतंय ना? मग चालू द्या.

यात चूक कोणाची, हे सांगणं सोपं नाही. रस्त्यावर खड्डे असताना टेबलावरचे चालू संगणक बदलायला पैसे मागणारा माणूस स्थायी समितीला उधळ्याच वाटणार. शेवटी निकड आली ती बाहेरून. विंडोज एक्सपी या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं. दुरुस्त्या थांबलेली प्रणाली म्हणजे कडी तुटलेलं दार. नागरिकांच्या नोंदी अशा दारामागे ठेवायच्या नसतात. मग मात्र मंजुरी मिळाली.

खोकी आली, नवे संगणक टेबलांवर बसले आणि आम्हाला वाटलं, झालं काम. पण कराच्या पावत्यांचं जुनं सॉफ्टवेअर डॉसवर चालणारं, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं. चौसष्ट बिटांच्या नव्या विंडोजला डॉसचे ते प्रोग्राम चालवताच येत नाहीत. पावत्या छापणाऱ्या खडखड्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जाड केबल लावायला नव्या यंत्राला जागाच नव्हती. या दोन्हींतून पैसे खर्चून वाट निघाली. तिसरी अडचण मात्र पैशांच्या पलीकडची निघाली. ती मराठीची होती.

आज मोबाइलवर आपण मराठीत सहज निरोप धाडतो, कारण युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. 'क' म्हटलं की तो सगळीकडे 'क'च. आमच्या जुन्या फाइली त्याआधीच्या पद्धतीच्या. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजीच. वर फक्त मराठी मुखवटा. आणि कोणत्या खुर्चीवर कोण, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची, चिन्हांची खिचडी दिसते.

हे मला समजलं ते एका बाईंमुळे. त्यांचे यजमान आमच्याकडे सफाई कामगार होते, सेवेत असतानाच वारले. निवृत्तिवेतनासाठी ते कायम झाल्याचा आदेश हवा होता. आस्थापना विभागातली नस्ती पावसाच्या पाण्याने भिजून लगदा झालेली. लिपिकाला आठवत होतं, की आदेश टाइप केलेली फाइल संगणकावर होती. ती आम्ही नव्या संगणकावर नेलीही होती. उघडली तर खिचडी. बाई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "यात त्यांचं नाव हाय का?" मला उत्तर देता आलं नाही.

जुना फॉन्ट नव्या संगणकावर टाकावा, तर ते मराठी सॉफ्टवेअर 'लॉक'शिवाय चालत नसे. हा लॉक म्हणजे प्रिंटरच्या जागेत खोचायची एक डबी. ती जागाच आता नव्हती. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळतात, तीही वापरली. पण जुन्या पद्धतीत 'कि' लिहिताना आधी वेलांटी नोंदली जाते, मग 'क'. युनिकोडमध्ये उलट. 'सूर्य'मधला रफार जुन्या पद्धतीत 'य'नंतर, नव्यात त्याच्या आधी. सॉफ्टवेअर जरा चुकलं की आडनावं बदलतात, आणि सरकारी कागदावर आडनाव बदलणं म्हणजे माणूसच बदलणं!

अखेर तळघरात गेलो. जुने संगणक निर्लेखनासाठी तिथे रचलेले होते. आस्थापना विभागाचा संगणक सापडला, त्याच्या पाठीमागे डबी अजून खोचलेली. जोडला, चालू झाला. फाइल उघडली आणि आदेश स्वच्छ मराठीत समोर. त्यावर सही नव्हती, पण जावक क्रमांक आणि तारीख होती. तेवढ्यावरून लेखा विभागात सहीची प्रत मिळाली. बाईंचं निवृत्तिवेतन सुरू झालं, पण तोवर सात महिने गेले होते.

असं आपल्याकडेच होतं, असं समजू नका. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेपुढेही हाच प्रसंग होता. विंडोज एनटी ४ चा पाठिंबा संपत आल्याने सुमारे चौदा हजार संगणकांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटून गेले. तरी मे २००३ मध्ये नगरपरिषदेने मुक्त प्रणाली लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्ष बदल २००६ ला सुरू झाला आणि २०१३ अखेरपर्यंत चालला. पुढे २०१७ मध्ये त्याच नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. जगभर ही गोष्ट दोन प्रणालींची कुस्ती म्हणून सांगितली जाते. मला तिथले कष्ट ओळखीचे वाटतात ते वेगळ्या कारणाने. खात्याखात्यांत वर्षानुवर्षं साठलेले पत्रांचे नमुने, अर्ज, छोटे छोटे प्रोग्राम, सगळे हजारोंच्या संख्येने नव्या प्रणालीत आणायचे होते. पत्रांच्या नमुन्यांसाठी त्यांना 'वोलमुक्स' नावाचं वेगळं सॉफ्टवेअरच लिहावं लागलं. यंत्र निविदा काढून विकत मिळतं. त्यात काय काय साठलंय याची यादी मात्र कोणी विकत देत नाही.

आमच्याकडे ती यादी मग मीच केली, उशिरा का होईना. टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं, कोणता फॉन्ट, कोणत्या फाइली, मागे काय जोडलंय. जडवस्तू संग्रह नोंदवहीत यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त 'संगणक, नग १'. हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय एकही यंत्र भंगारात जाऊ दिलं नाही, कारण फाइल 'डिलीट' केली तरी मजकूर डिस्कवर राहतो, आणि त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची ठरावीक चिप लागते, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक पुन्हा बाद ठरले. तेव्हा माझ्या जागेवरच्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, नवीन मशीन येतायत. आस्थापनातला तो कोपऱ्यातला, कापडाखालचा डबा काढून टाकू का?"

मी त्याला म्हटलं, "आधी त्याची बॅटरी बदल. मग त्याच्या पाठीमागे एक डबी आहे, तिला हात लावू नकोस. मी सोमवारी येतो."