संदर्भसूचीतील दुभाषा : इम्पोर्ट फिल्टर

पहूर (जि. जळगाव) - जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव लागते. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे २०२० मध्ये बंद होईपर्यंत येथील स्थानकावर थांबत असे. अजिंठ्याची लेणी असोत वा ही छोटी रेल्वे, या परिसरातील विषयांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्याला शेकडो संदर्भ गोळा करावे लागतात. ग्रंथालयांच्या याद्या, इंग्रजी नियतकालिके आणि मराठी ग्रंथ अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या या नोंदी एका सूचीत आणण्यासाठी एंडनोट, झोटेरो, मेंडेली यांसारखी संदर्भ व्यवस्थापन सॉफ्टवेअर वापरली जातात. परंतु नोंदी आत घेतानाच गफलत झाली, तर पुढची सारी सूची बिघडते. ही गफलत टाळण्याचे काम 'इम्पोर्ट फिल्टर' करतो.

फिल्टर म्हणजे काय?

नावावरून ही गाळणी वाटते; प्रत्यक्षात तो दुभाषा असतो. प्रत्येक ग्रंथसूची आपली माहिती विशिष्ट खुणांनी देते. आरआयएस या प्रचलित स्वरूपात 'टीवाय' म्हणजे संदर्भाचा प्रकार, 'एयू' म्हणजे लेखक, 'टीआय' म्हणजे शीर्षक, 'पीवाय' म्हणजे प्रकाशनवर्ष, तर 'ईआर' म्हणजे नोंदीचा शेवट. ग्रंथालयांच्या मार्क पद्धतीत मात्र लेखक १०० या क्रमांकाच्या रकान्यात व शीर्षक २४५ मध्ये असते. कोणती खूण कोणत्या रकान्यात न्यायची, हे फिल्टर सॉफ्टवेअरला सांगतो.

रचना कशी करावी?

प्रथम उतरवून घेतलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून एक नोंद बारकाईने वाचावी. एंडनोटमध्ये त्या नोंदीशी मिळताजुळता तयार फिल्टर उघडून 'सेव्ह ॲज'ने त्याची प्रत करावी आणि बदल प्रतीतच करावेत. 'टेम्प्लेट्स' विभागात एका बाजूस खूण व दुसऱ्या बाजूस रकान्याचे नाव लिहावे लागते. खूण फाइलमध्ये जशी आहे तशीच, मधल्या मोकळ्या जागा व चिन्हांसह लिहिणे आवश्यक असते. एक जागा चुकली तरी ओळ ओळखली जात नाही. पुस्तक, लेख, प्रबंध अशा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र मांडणी करावी लागते. आडनाव आधी की नाव आधी, हे 'ऑथर्स' विभागात ठरवावे. दोन ओळींत गेलेल्या शीर्षकासाठी 'कंटिन्युएशन लाइन्स' हा विभाग असतो.

२००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलेल्या झोटेरो या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे काम 'ट्रान्सलेटर' करतात. आरआयएस किंवा बिबटेक्स स्वरूपातील फाइल ते थेट स्वीकारतात. त्यामुळे तेथे बहुधा नवा फिल्टर लिहिण्याऐवजी नोंदी या स्वरूपात आणणे सोयीचे ठरते.

मराठी नोंदींच्या अडचणी

'कोसला'च्या नोंदीत 'नेमाडे, भालचंद्र' असे लिहिले, तर स्वल्पविरामामुळे आडनाव ओळखले जाते. स्वल्पविरामाविना आडनाव आधी लिहिले, तर 'भालचंद्र' हेच आडनाव समजले जाण्याचा धोका असतो. संस्था लेखक असल्यास एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा. अन्यथा 'भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण' यातील 'सर्वेक्षण' हे आडनाव ठरते.

अक्षरांचा प्रश्न त्याहून किचकट आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर फिल्टर सुधारू शकत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. आयात करताना 'टेक्स्ट ट्रान्सलेशन'मध्ये यूटीएफ-८ हा पर्याय निवडला नाही, तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात. जुन्या मराठी ग्रंथांवर शकवर्ष असते. फिल्टर त्याचे इसवी सनात रूपांतर करीत नाही. शकात ७८, तर वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवून सन हातानेच नोंदवावा लागतो.

एका रकान्याची किंमत

गुलाम याझदानी यांचा 'अजंटा' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. लेखक एक, शीर्षक एक. वर्षे मात्र वेगळी. एंडनोट दुबार नोंदी शोधताना मुख्यतः लेखक, वर्ष व शीर्षक ताडून पाहते. फिल्टरने वर्षाचा रकाना गाळला, तर चारही भाग एकच भासण्याची शक्यता असते. त्यात 'डिस्कार्ड डुप्लिकेट्स' हा पर्याय निवडलेला असेल, तर तीन भाग सूचीत येणारच नाहीत आणि संशोधकाला त्याची खबरही लागणार नाही.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करावे लागतात आणि ते 'शोधगंगा' या भांडारात सर्वांना खुले होतात. आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियमही लागू केले. मजकुरात उल्लेख आहे, पण सूचीत ग्रंथ नाही, अशी त्रुटी परीक्षकाच्या नजरेतून सुटली तरी पुढच्या अभ्यासकाला अडवते.

म्हणून नवा फिल्टर केल्यावर सर्व नोंदी एकदम आत घेऊ नयेत. एक पुस्तक, एक लेख, अनेक लेखक असलेली एक, संस्था लेखक असलेली एक आणि एक मराठी अशा पाच नोंदी रिकाम्या लायब्ररीत घेऊन मूळ फाइलशी ताडून पाहाव्यात. त्या बिनचूक उतरल्यावरच उर्वरित शेकडो नोंदींना वाट मोकळी करावी आणि शेवटी फाइलमधील व सूचीतील नोंदींची संख्या जुळते का, हे मोजून घ्यावे.