हर्सूलमध्ये बसून जगाचा इतिहास कसा शिकायचा?

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही हर्सूलला मोठ्या माणसांसाठी आधुनिक जगाच्या इतिहासाचा वर्ग घेता म्हणता, पण त्यात नेमकं शिकवता काय? आणि या वयात लोकांना ते कशाला हवं?" आजचा भाग त्यावरच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आधी वर्गाबद्दल. हर्सूल म्हटलं की बाहेरच्यांना तलाव आठवतो, हर्सिद्धी मातेचं देऊळ आठवतं, नाहीतर कारागृह. जळगाव रोडवरचं हे जुनं गाव आता शहरात मिसळून गेलंय. त्यामुळे वर्गात माणसंही सगळ्या तऱ्हेची आहेत. वाळूजला शिफ्ट करणारे, फुलंब्री-सिल्लोडकडून येऊन इथं घर बांधलेले, दुकानदार, मुलं मोठी झाल्यावर थोडा वेळ मिळालेल्या बायका, निवृत्त मंडळी. बहुतेकांची शाळा सातवी ते बारावीच्या मध्ये कुठंतरी सुटलेली. रविवारी संध्याकाळी दीड तास बसतो. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

पुस्तकाचा क्रम इथं का चालत नाही?

शाळेचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं. मग औद्योगिक क्रांती, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धं, शीतयुद्ध. पुस्तकासाठी हा क्रम बरोबर आहे. पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला फ्लॉरेन्सपासून सुरुवात केली, तर दुसऱ्या रविवारी तो येत नाही. त्याच्या डोक्यात ती माहिती अडकवायला खुंटीच नसते.

पण त्याच्याकडे दुसऱ्या खुंट्या भरपूर असतात. पिकाचा भाव, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, येताजाता पाहिलेल्या जुन्या इमारती. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं जातो. ओळखीची एक वस्तू घ्यायची आणि तिचा धागा धरून जगात जायचं. तीन उदाहरणं सांगतो.

पहिला धागा: कापूस

आमच्याकडे निम्म्या घरांचा कापसाशी संबंध आहे. म्हणून पहिला प्रश्न असतो: कापसाचा भाव कोण ठरवतं? कुणी म्हणतं व्यापारी, कुणी म्हणतं सरकार. मग मी नकाशावर अमेरिका दाखवतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या मुख्यतः त्याच कापसावर चालायच्या. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांचा माल तुटला. मग इंग्रज व्यापारी वळले भारताकडे. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, वऱ्हाड-खानदेशात पैसा आला, मुंबईत शेअरचा सट्टा रंगला. शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत येणार म्हटल्यावर भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईचा सट्टाबाजारही बुडाला. सावकारांनी हात आखडते घेतले. त्यातच इंग्रजी मुलखात शेतसारा वाढवला गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. पुढं १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला.

इथं थांबून मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दंग्याची कारणं अनेक होती, कापसाची मंदी त्यातलं एक. "अमेरिकेत युद्ध झालं म्हणून सुप्यात वह्या जळल्या" इतकं सरळ ते नाही. पण साखळी आहे, आणि ती कडी-कडीनं तपासता येते. एवढं कळलं की औद्योगिक क्रांती, गुलामगिरी, वसाहतवाद हे शब्द परके राहत नाहीत. युक्रेनचं युद्ध आणि आपल्याकडचा खताचा भाव यावर लोक आपणहून बोलायला लागतात.

दुसरा धागा: खुलताबादची रिकामी कबर

खुलताबाद आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. त्या परिसरात तुर्की धाटणीची एक इमारत आहे. ती आहे शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याच्यासाठी बांधलेली कबर, आणि ती रिकामी आहे. हे ऐकलं की वर्गात पहिला प्रश्न येतो: "तुर्कस्तानच्या खलिफाची कबर इथं कशी?"

या एका प्रश्नात पहिलं महायुद्ध सगळं मावतं. उस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूनं लढलं आणि हरलं. विजेत्यांनी त्याचे तुकडे केले. त्यातूनच आजचे इराक, सीरिया आणि पॅलेस्टाईनचे प्रश्न सुरू होतात. भारतात खिलाफत चळवळ झाली, गांधीजी तिच्यासोबत उभे राहिले. पण खुद्द तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांनी १९२३ मध्ये प्रजासत्ताक स्थापन केलं आणि ३ मार्च १९२४ रोजी तिथल्या संसदेनं खलिफापदच रद्द केलं. अब्दुलमजीद देशाबाहेर गेला, फ्रान्समध्ये राहिला. त्याला दरमहा पैसे पाठवत होता हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान, म्हणजे त्या काळी आपल्या मराठवाड्याचाच राजा. १९३१ मध्ये खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली. लग्न झालं फ्रान्समधल्या नीस शहरात. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारला, पण त्याचा देह इथं आलाच नाही. १९५४ मध्ये त्याचं दफन मदिनेत झालं.

तिसरा धागा: सप्टेंबर १९४८

हा सगळ्यांत अवघड धागा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन सगळ्यांना माहीत. पण तो प्रश्न जगाच्या पंचायतीपुढे गेला होता हे फार थोड्यांना माहीत असतं. निजामाच्या सरकारनं ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत त्यावर चर्चा झाली आणि १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. पुढच्या काही दिवसांत त्यानं तक्रार मागे घेत असल्याचंही कळवलं. त्याच १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्क बर्नाडोट यांचा खून झाला. त्याच वेळी सोव्हिएत रशियानं बर्लिनची नाकेबंदी केली होती. फळ्यावर या तारखा शेजारीशेजारी लिहिल्या की शीतयुद्ध, पॅलेस्टाईन आणि आपला मराठवाडा एका ओळीत दिसतात.

अवघड का, तर इथं घराघरांतल्या आठवणी निघतात. एका काकांनी रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून पळालेल्या आजोबांची हकिकत सांगितली. दोन बाकं सोडून बसलेल्या एका ताईंनी पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या आजीचे दोन भाऊ कसे मारले गेले ते सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग कुजबुज सुरू झाली. आपल्या शहरात इतिहास म्हटलं की आवाज चढायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

अशा वेळी आमची एक पद्धत आहे. फळ्यावर तीन रकाने पाडायचे: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. प्रत्येक गोष्ट कुठल्या रकान्यात बसते ते सांगणाऱ्यानंच ठरवायचं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. आणि माझी आठवण खरी म्हणून तुझी खोटी, असं म्हणायचं नाही. रझाकारांचे अत्याचार झाले, ते नोंदवलेले आहेत. त्यानंतरच्या हिंसेची चौकशी करायला भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही, हेही खरं आहे. त्या संध्याकाळी दोन्ही हकिकती "ऐकलेलं" या एकाच रकान्यात, एकाखाली एक लिहिल्या गेल्या. पुढच्या रविवारी काकाही आले, ताईही आल्या.

मला विचाराल तर वर्गाचा खरा उपयोग हाच. मोबाईलवर रोज इतिहासाच्या नावानं काहीबाही येतं. ते पुढं पाठवायच्या आधी "हे कोण सांगतंय, केव्हाचं आहे, कशावरून?" एवढं विचारायची सवय लागली पाहिजे. आणि ही सवय आधी लांबच्या इतिहासावर लावून घ्यायला सोपी जाते. तुर्कस्तान किंवा बर्लिनबद्दल बोलताना कुणाचं रक्त तापत नाही. तिथं हात बसला की मग घरच्या इतिहासाकडे यायचं. म्हणून हा धागा आम्ही शेवटी घेतो.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

मोठ्यांना शिकवणं महाराष्ट्राला नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. स्वातंत्र्यानंतर साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली. पण बऱ्याच ठिकाणी काम सही करण्यापर्यंत येऊन थांबलं. अक्षर आलं, पुढं वाचायचं काय, हे कुणी सांगितलं नाही.

साहित्य फुकट मिळतं. बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक संकेतस्थळावर आहे आणि त्यात प्रबोधनापासून शीतयुद्धापर्यंतचा भाग आलाय. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही ऑनलाइन वाचता येतात. ज्यांना पुढं पदवीच घ्यायची आहे त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याशिवाय भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा हवाच. सगळ्यांना लिहायला लावू नका. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी थांबवून विचारायचं. एका बैठकीत एकच धागा घ्या. दहा रविवार पुरतात.

पहिला धागा कोणता घ्यायचा, हे तुमच्या गावावर आहे. कुठं साखर असेल, कुठं गिरणी, कुठं सैन्यात गेलेले पणजोबा. तुमच्याकडचा धागा कोणता, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातलेच एक-दोन घेऊन बोलू. तोवर भेटत राहू, ऐकत राहा.